जायफळकाका

जायफळकाकांना रात्री झोप येत नाही, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. काका ही बातमी रात्री अकरानंतरच सांगतात, त्यामुळे ती कुणी विसरण्याचा प्रश्न येत नाही. बेल मात्र वाजवत नाहीत. तेवढा पोच त्यांना आहे. आपल्या दाराखालून उजेड येतोय का ते बघतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "जागे आहात ना?" या प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही.

निद्रानाशाची माणसं मी बरीच पाहिली आहेत. सकाळी डोळे चोळत, चिडचिडत चहा पितात, कुणी विचारलंच तर "नाही हो लागली नीट" एवढं म्हणतात आणि लोकल पकडायला पळतात. काकांचं तसं नाही. "डोळ्याला डोळा नाही!" ही घोषणा ते ज्या सुरात करतात, त्या सुरात लोक नातू झाल्याचं सांगतात. आतून काकू विचारतात, "अहो, मग घोरत कोण होतं?"

"घोरत नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो."

"एवढ्या मोठ्याने?"

काका यावर काही बोलत नाहीत. पत्नीला आपला आजार कळत नाही, हे त्यांनी आजाराचंच एक लक्षण म्हणून स्वीकारलं आहे.

काका मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. 2022च्या जानेवारीत रेल्वेने गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते आठवडाभर दुखावलेले होते. "मॅनेजर कुणीही होतो," म्हणाले, "दुकानातसुद्धा असतो." कल्याणहून इगतपुरी, कल्याणहून लोणावळा, हे त्यांचं आयुष्य. रात्री दोनला कॉल बॉय दाराची कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा आणि काका डबा घेऊन निघायचे. मालगाडीचा शेवटचा डबा म्हणजे ब्रेक व्हॅन. तिथे ना दिवा, ना पंखा, ना मोरी. मेल-एक्स्प्रेसला वाट द्यायची म्हणून मालगाडी लूपलाइनला टाकायचे आणि मग आसनगावला म्हणा, खर्डीला म्हणा, तासन् तास नुसतं बसून राहायचं. बसायचं, पण झोपायचं नाही. झोपलेला गार्ड सापडला की चार्जशीट. कसारा घाटात 37 फुटांना एक फूट चढ. मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडलेली, आणि त्यांच्या धडधडीत जागं राहण्याचा पगार. अशी तीसेक वर्षं काढल्यावर रेल्वेने एक दिवस हार घातला, नारळ दिला आणि सांगितलं, आता रात्री झोपा.

शरीर ऐकेना. याला काकांचा इलाज नाही, हे मलाही मान्य आहे. रात्रपाळीच्या माणसाचं आतलं घड्याळ एकदा फिरलं की ते निवृत्तीच्या आदेशाने मागे फिरत नाही. पण काकांनी त्याचं जे काही केलं, ते त्यांच्या हातून व्हायला नको होतं असं काकूंचं मत आहे.

गार्डची एक पत्र्याची पेटी असायची, तिला लाइन बॉक्स म्हणायचे. लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, धुक्यात रुळावर लावायचे फटाके, नियमांची पुस्तकं, सगळं त्या पेटीत. काकांची पेटी रेल्वेने निवृत्तीच्या दिवशी परत घेतली. पंधरा दिवसांत काकांनी बाजारातून तसलीच एक पेटी करून घेतली, काळा रंग दिला, वर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचं नाव घातलं. आता ती दिवाणाखाली असते. उघडली की आधी एक घमघमाट येतो आणि मग वस्तू दिसायला लागतात: सहाण, छोटा खल, काशाची वाटी, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी, एका पुडीत खसखस, आणि सगळ्यात वर, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली जायफळं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक वही अडकवलेली. तिच्यात रकाने आहेत: दिनांक, औषध, मात्रा, अनुपान, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. सुटण्याची वेळ म्हणजे पाठ टेकली ती. पोचण्याच्या रकान्यात बहुतेक दिवशी एकच शब्द आहे: 'रखडली'.

रात्रीचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो आणि त्यात पहिला क्रमांक चहाचा. झोपेच्या औषधांआधी कडक चहा कशाला, असं मी एकदा विचारलं. "पोट साफ नसेल तर औषध लागू पडत नाही," असं उत्तर मिळालं. नऊला अश्वगंधेचं चूर्ण, चमचाभर तुपात कालवून, वर गरम दूध. अश्वगंधेला घोड्यासारखा वास येतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण तो वास बंद फ्लॅटमध्ये कसा फिरतो हे पुस्तकात नसतं. सव्वानऊला पादाभ्यंग. साडेनऊला जायफळ उगाळणं. दहाला ब्राह्मी तेल टाळूवर. सव्वादहाला काका पाठ टेकतात आणि साडेदहाला उठून बसतात, कारण कुठलं तरी औषध राहिलंय असं त्यांना वाटतं.

दुधाची कथा वेगळीच आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत आणि झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचं दूध श्रेष्ठ म्हटलं आहे, हे काकांना एका वैद्यबुवांकडून कळलं. त्या दिवशी पिशवीचं दूध बंद झालं. तबेल्यातून रोज दीड लिटर म्हशीचं दूध यायला लागलं, त्यावर बोटभर साय. तीन महिन्यांत काकांच्या पँटचं बटण लागेना. तेवढ्यात वैद्यबुवांनी त्याच चरकाचं पुढचं सांगितलं की उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये. आता दुपारी जेवण झालं की काका दीड ते चार आरामखुर्चीत असतात. अर्थात विचार करत. त्यांनी वैद्यबुवांना शांतपणे विचारलं, "तुम्ही कल्याणात कधीपासून आहात? इथे बारा महिने उन्हाळाच असतो."

पादाभ्यंग हा काकूंचा विभाग. काशाच्या वाटीला तूप लावून तळपायावर घासायचं. दहा मिनिटांत तळवे काळेशार होतात. काका मान उचलून बघतात आणि समाधानाने म्हणतात, "बघ, केवढी उष्णता निघाली!" आमच्या मजल्यावर रसायनशास्त्राच्या एक निवृत्त बाई राहतात. त्यांनी एकदा खुलासा केला की कासं म्हणजे सुमारे 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील, त्यातल्या तांब्यावर तुपातली आम्लं काम करतात आणि घासून तो काळेपणा येतो. उष्णता निघाली असती तर वाटी तापली असती. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमची वाटी कुठली आहे?" त्या दिवसापासून बाईंच्या तळपायांचीही उष्णता निघते. रसायनशास्त्र खोटं नाही, पण दहा मिनिटं कुणी आपले पाय चोळून देत असेल तर त्याला विरोध करणारं शास्त्र अजून निघायचं आहे. चोळणाऱ्याला काय मिळतं, हे काकूंनी एकदा सांगितलं. त्यांना वाटी फिरवता फिरवता बसल्या जागी झोप लागते. काका मग त्यांना उठवतात, डाव्या पायासाठी.

अरिष्टांचा प्रवेश मात्र नाजूक होता. काका माळकरी आहेत, पंढरपूरला जाऊन आलेले, आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. अश्वगंधारिष्टाची बाटली आणली तेव्हा त्यांच्या भाच्याने लेबल वाचून दाखवलं की यात मद्यार्क आहे. खरंच असतो. गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून काढा महिनाभर मुरवत ठेवला की तो आपोआप आंबतो आणि पाच ते दहा टक्के मद्यार्क त्यात आपणच तयार होतो. घरात सन्नाटा. काकांनी बाटली उजेडात धरली, फिरवली आणि निकाल दिला, "हा कुणी घातलेला नाही, स्वतःहून आलाय. घरी पाहुणा आपल्या पायांनी आला तर आपण हाकलतो का?" चार चमचे अरिष्ट, चार चमचे पाणी. माळ त्या वेळी ते सदऱ्याच्या आत सरकवतात, हे मी बघितलं आहे.

जटामांसी आणि तगर या दोघी एकाच आठवड्यात आल्या आणि एकाच आठवड्यात गेल्या. जटामांसी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर होते; बेसुमार खोदून तिचा इतका नायनाट होत आला आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. काकांना हे कळलं तेव्हा त्यांची किंमत त्यांच्याच नजरेत वाढली. काष्ठौषधीच्या दुकानातून ते पुडी घेऊन आले, सोडली, आणि त्या तपकिरी केसाळ मुळ्यांकडे बघून काकू म्हणाल्या, "हे न्हाव्याच्या दुकानातून उचलून आणलंत का?" तगरीचा प्रश्न दिसण्याचा नव्हता. तिच्या मुळांत जे आम्ल असतं, तेच माणसाच्या घामट पायांत असतं, आणि ते पावसाळ्यात उकळलं की काय होतं ते तीन मजल्यांनी अनुभवलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे सगळे मोजे धुऊन काढले. मुलगा बिचारा शपथा घेत होता. चौथ्या दिवशी जिन्यात मांजरं जमायला लागली, कारण मांजरांना तगरीचं वेड असतं. मग मात्र सेक्रेटरींनी काकांना लेखी कळवलं.

काका कुणाचं ऐकत असतील तर ते वैद्यबुवांचं, आणि तेही एकदाच ऐकलेलं मला माहीत आहे. कुठेतरी त्यांनी सर्पगंधेबद्दल वाचलं. वाचलेलं सगळं खरं होतं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवणारा लेख लिहिला आणि जगभरच्या डॉक्टरांनी आपल्या या मुळीकडे मान वळवली. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. वेड्यांच्या इस्पितळांतही ते शांत करण्यासाठी वापरलं गेलं. काका छाती पुढे काढून वैद्यबुवांकडे गेले. वैद्यबुवांनी विचारलं, "रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? मग हिला हात लावायचा नाही. गोळीवर गोळी होईल, चक्कर येऊन पडाल. शिवाय हिने माणूस उदास होतो."

"पण वैद्यबुवा, वनस्पती आहे. वनस्पतीने काय अपाय?"

"धोतराही वनस्पतीच आहे," वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांनी पुढचा रोगी बोलावला.

आता जायफळ. ज्याच्यामुळे माणसाचं मूळ नाव पुसलं गेलं, त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

मराठी घरात जायफळाच्या गुणाबद्दल दुमत नाही. बाळगुटीत त्याचे एक-दोन वेढे उगाळतात, पुरणात आणि श्रीखंडात ते किसून घालतात, आणि होळीच्या दुपारी सगळी घरं आडवी झालेली दिसतात. त्यात पुरणाचा आणि तुपाचा वाटा किती आणि जायफळाचा किती, हे कुणी मोजत नाही. काका मोजतात. त्यांचं जायफळ बाजारातलं नसतं. दापोलीकडच्या मेहुण्याच्या वाडीतून येतं, नारळी-पोफळीच्या सावलीतलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची जायफळाची जात काढली आहे, हे सांगताना ती जात स्वतःच्या जातीतली असल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. जायफळाच्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, आणि बी लावलं तर ते कळायला फुलं येईपर्यंत सहा-सात वर्षं थांबावं लागतं. मेहुण्याने पूर्वी लावलेल्या चारांपैकी तीन नर निघाले. "तरी तो शांत झोपतो," काका आश्चर्याने म्हणतात.

त्यांचा मुलगा न्यू जर्सीत राहतो आणि नोकरीला मॅनहॅटनला जातो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर काका त्याला आठवण देतात की 1667च्या ब्रेडाच्या तहात डचांनी बांदा बेटांतलं रन नावाचं जायफळाचं एवढंसं बेट स्वतःकडे ठेवलं आणि मॅनहॅटन इंग्रजांना सोडलं. "तुझं ऑफिस आहे ना, ते जायफळाच्या बदल्यात गेलेलं आहे. डच वेडे नव्हते." मुलगा "हो बाबा" म्हणतो. त्याने हे इतक्या वेळा ऐकलं आहे की तो हल्ली तह व्हायच्या आधीच "हो बाबा" म्हणून टाकतो.

ज्या रात्री हे नाव पडलं, त्या ऐतिहासिक रात्री काकांनी रोजच्यासारखे साडेनऊला दोन वेढे दुधातून घेतले. दहाला काही वाटेना. साडेदहालाही नाही. जायफळाचा अंमल चढायला काही तास लागतात, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. गाडी सुटायची वेळ झाली आणि इंजिन हलत नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी एक अख्खं जायफळ खलात कुटलं आणि ते सगळं तुपात कालवून खाल्लं. काकू तेव्हा डाव्या पायावर झोपलेल्या होत्या.

पहाटे साडेतीनला आम्ही सगळे उठलो ते "राइट आहे! जाऊ दे!" या आरोळीने. काका गॅलरीत उभे होते. तोंडाला कोरड, छाती धडधडतेय, पाय जमिनीला लागत नाहीत असं ते नंतर म्हणाले. पण उभे होते ताठ, आणि दोरीवरचं काकूंचं हिरवं पोलकं हात लांब करून एका लयीत हलवत होते. समोर त्यांना खर्डीची लूपलाइन दिसत होती आणि सिग्नल पडला होता. प्रत्यक्षात खाली दुधाचा टेम्पो गेटातून मागे घेत होता. टेम्पोवाल्याला अंधारातून कुणीतरी अधिकारवाणीने राइट आहे म्हणून सांगतंय, तर त्याने बिचाऱ्याने विश्वासाने टेम्पो मागे घेतला. गेटचा डावा खांब अजून तिरका आहे.

दवाखान्यात त्यांचा कार्डिओग्राम काढला, सलाइन लावलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं की चिमूटभर जायफळ हा मसाला आहे आणि अख्खं जायफळ हे विष आहे. त्यातल्या मिरिस्टिसिनने भास होतात, हृदयाचे ठोके वाढतात, माणूस दगावूही शकतो, आणि आजोबा, पुन्हा असं केलंत तर मी पोलिसांत कळवीन. काका मान खाली घालून ऐकत होते. घरी आले आणि सलग पंधरा तास झोपले. उठल्यावर पहिलं वाक्य काय बोलले असतील? "उपाय लागू पडतो. फक्त गाडी लेट होती."

तेव्हापासून ते दोन वेढ्यांवर आहेत, कारण काकूंनी जायफळांची मोजदाद स्वतःकडे घेतली आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नव्या भाडेकरूंची मुलं तर "जायफळ आजोबा" म्हणतात आणि काका ओ देतात.

माणसाला स्वतःला गुण आला नाही, तर तो दुसऱ्यांना औषध देऊ लागतो. काकांनी सोसायटी वाटून घेतली. परीक्षेची मुलं, बाळंतिणी, नवीन लग्न झालेलं एक जोडपं (हे त्यांनी करायला नको होतं), सगळ्यांना जायफळाचं दूध. आणि बहुतेकांना गुण आला! दिवसभर कल्याण-सीएसएमटी करून आलेल्या माणसाला रात्री गरम दूध प्यायला दिलं तर तो झोपतो. त्याला कोमट पाणी दिलं असतं तरी तो झोपला असता. पण श्रेय वहीत जमा होत गेलं. इतरांसाठी वहीत वेगळं पान आहे आणि तिथे पोचण्याच्या रकान्यात वेळा आहेत, अगदी मिनिटांसकट.

या यशाचा कळस म्हणजे आमचा वॉचमन. दिवसा एका गोदामात हमाली आणि रात्री आमच्या गेटवर ड्यूटी, असा त्याचा दिवस. काकांना वाटलं, हाही आपल्यासारखाच जागा असतो बिचारा. ते रोज अकराला त्याला पेलाभर दूध नेऊन देऊ लागले. साडेअकराला वॉचमन खुर्चीतून घसरून बाकावर, आणि काका गेटवर. दोन महिने आमच्या सोसायटीची राखण एका निवृत्त गार्डने केली आणि कुणाला पत्ता नव्हता. मग एका रात्री काका नातवंडांशी अमेरिकेत बोलायला वर गेले आणि तेवढ्यात दोन स्कूटरच्या बॅटऱ्या गेल्या.

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला. विषयपत्रिकेवर तो 'आयत्या वेळचे विषय' यात होता, पण दीड तास चालला. एका सभासदांचं म्हणणं, बॅटऱ्यांचे पैसे काकांकडून घ्यावेत. रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, दोन वेढ्यांनी एवढी झोप येणं शक्य नाही, वॉचमन उपाशी आणि दमलेला आहे, त्याचा पगार वाढवा. पगाराचा मुद्दा येताच सभा ताबडतोब जायफळाकडे वळली. शेवटी ठराव झाला, तो इतिवृत्तात आहे: 'सोसायटीच्या कोणत्याही कर्मचाऱ्यास सभासदांनी जायफळ अथवा तत्सम पदार्थ देऊ नये.' सूचक आणि अनुमोदक यांची नावंही आहेत. काका या ठरावावर नाराज झाले नाहीत. उलट त्यांनी इतिवृत्ताची प्रत मागून घेतली आणि लाइन बॉक्समध्ये ठेवली. औषधाच्या गुणाचा त्यांना मिळालेला तो पहिला लेखी दाखला.

मुलाने मधे अमेरिकेहून मनगटावर बांधायचा एक पट्टा पाठवला. झोपलात किती, कूस बदललीत किती, सगळं तो फोनवर दाखवतो. पहिल्याच सकाळी फोनने दाखवलं: झोप 6 तास 40 मिनिटं. घरात एवढा आनंद झाला की काकूंनी शिरा केला. काका फोनकडे बघत बसले. "हे खोटं आहे," म्हणाले. "मी पडून होतो, हललो नाही. न हललेली गाडी म्हणजे गार्ड झोपला, असं कुठल्या नियमात आहे?" दुसऱ्या रात्री त्यांनी तो पट्टा बांधून मुद्दाम दर पंधरा मिनिटांनी हात हलवायचं ठरवलं. पहिली पंधरा मिनिटं हलवलाही.

हसायला ठीक आहे, पण झोप लागूनही लागली नाही असं मनापासून वाटण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, आणि त्या माणसांचा त्रास खोटा नसतो. मुलाने तिकडून फोनाफोनी करून काकांना एका रात्रीसाठी झोपेच्या तपासणीला पाठवलं. सोबत मी गेलो होतो. डोक्याला, कपाळाला, हनुवटीला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. काकांना पेटी आत नेऊ दिली नाही. दूध नाही, तूप नाही, तळपाय तसेच. शेजारच्या खोलीत एक मुलगा पडद्यावर सगळे आलेख बघत रात्रभर बसणार होता. काकांनी त्याला बोलावून विचारलं, "तू सकाळपर्यंत इथेच आहेस? मधे उठून जाणार नाहीस ना? बरोबर दुसरं कुणी आहे?"

"मी आहे आजोबा. सहापर्यंत माझीच ड्यूटी."

"वही आहे?"

"कॉम्प्युटरवर सगळं येतं."

काकांनी मान डोलावली आणि कुशीवर वळले. चार मिनिटांत लागली. सकाळी सहाला त्यांना हलवून उठवावं लागलं. घोरण्याचा आलेख असा होता की त्या मुलाने तो दाखवायला इतरांना बोलावलं.

परतताना रिक्षात काका गप्प होते. मला वाटलं, रिपोर्टने खट्टू झाले. दुर्गाडीच्या पुलावर वाहतूक अडली तेव्हा बोलले, "तो पोरगा जागा होता ना, म्हणून." थोड्या वेळाने पुन्हा, "चार्ज कुणीतरी घ्यायला हवा. दिल्याशिवाय कसं उतरणार?"

घरी हा मुद्दा त्यांनी मांडताच काकूंनी एका रात्रीचा चार्ज घेऊन पाहिला. खुर्ची मांडून बसल्या. पावणेअकराला काकांनी त्यांच्या अंगावर शाल घातली. मग त्यांचं लक्ष गेटकडे गेलं. गेटवर हक्काचा, पगारी, रात्रभर जागायला बांधलेला माणूस होता. काकांनी लाइन बॉक्समधला पितळी पेला घासून घेतला, आलं ठेचलं, साखर दुप्पट, आणि कडक चहा करून अकराच्या ठोक्याला खाली उतरले. मी जिन्यातच होतो.

"हे बघ," काका म्हणाले, "आता तू जागा राहायचं. दर तासाला शिटी मारायची, म्हणजे मला वर कळेल की सगळं राइट आहे. काय?"

वॉचमनने पेल्यात डोकावून बघितलं. तोंड कसनुसं केलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "वो जायफलवाला दूध नहीं है क्या?"